टोपल्यांचं फाटक

भाऊबीजेच्या सकाळी देवमन अमरावतीत एका मैदानावर लोखंडी जाळ्या टेम्पोत भरत होता, तेव्हा रोहितचा फोन आला. रोहित म्हणजे त्याच्या बायकोचा, दीपमालाचा, अकोल्याचा भाऊ.

दिवाळी पहाटेचा गाण्याचा कार्यक्रम नुकताच संपला होता. गर्दी अडवायच्या जाळ्या लावणं आणि कार्यक्रम झाला की काढणं, हा देवमनचा धंदा. मैदानात चहाचे कागदी कप लोळत होते, थंडी अजून गेली नव्हती. फोनवर रोहितचं नाव पाहून त्याला वाटलं, दीपमालाच बोलणार. कालच ती भावाला ओवाळायला माहेरी गेली होती. फोन लागला की हॅलोच्या आधी तिचं "जेवले काय?" यायचं.

"भाऊजी," रोहित म्हणाला, "तुमी या."

"काहून? काय झालं?"

"या तुमी. ताई..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. मागं कोणीतरी बाई मोठ्यानं रडत होती. देवमननं हातातली जाळी टाकली नाही. ती टेम्पोत नीट आडवी ठेवली, दोर बांधला, गाठ ओढून पाहिली. मग तो तिथंच चाकापाशी खाली बसला.

अकोल्यातही त्या पहाटे गाण्याचाच कार्यक्रम होता. गावाबाहेरच्या मैदानात स्टेजसमोर सतरंज्या टाकून बायकांसाठी वेगळा कप्पा केला होता. पुढं लोखंडी जाळी, दोन्ही बाजूंनी कनात, आणि मागं लाकडी बल्ल्या रोवून दोर. दिवाळीत लोखंडी जाळ्या पुरत नाहीत, म्हणून बल्ल्या. पावसाळा सरला की काळी माती वरून वाळते, खाली मात्र ओलीच असते. तिच्यात रोवलेली बल्ली एका माणसाला घट्ट वाटते, मागून गर्दीनं रेटली की उपटून येते. गायक स्टेज उतरून पुढं आला आणि बल्ल्यांमागं उभी असलेली गर्दी त्याला पाहायला लोटली. बायका बसलेल्या होत्या. बाहेर पडायचं फाटक कनातीत होतं, पण बिनपासचे घुसतात म्हणून कोणीतरी ते तारेनं बांधून टाकलं होतं.

पास रोहितनं आणले होते. ओळखीनं, बहिणीसाठी. त्याची बायको स्वयंपाकात होती म्हणून घरी राहिली, दीपमाला शेजारच्या बायांसोबत गेली.

दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात देवमन भिंतीला टेकून उभा होता. आत काय पाहायचं ते पाहून झालं होतं. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती, पायाला पट्टी, अनवाणी, केसांत माती. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती.

"तुमी देवमनभाऊ ना? जाळ्यावाले?"

"हो."

"मी प्रणाली. अमरावतीले फुलाचं दुकान हाये माहं. इथं स्टेजचे हार माहेच होते. गाने ऐकायले आत जाऊन बसली." ती थांबली. "त्या माह्या बाजूले होत्या. वळख नोती. गानं सुरू व्हायच्या आधी बोलत होतो आमी... म्हनत होत्या, माहा नवरा अमरावतीचा जाळ्यावाला हाये, तो असता तर फाटक बांधू देल्लं नसतं."

देवमन भिंत सोडून बाकापाशी आला.

"मंग ते झालं. पुढच्या जाळीले चिपकून गेलो आमी. त्यायनं मले म्हटलं, तू बारीक हायेस, चढ. मी म्हटलं, कशी चढू? त्या वाकल्या. माहा पाय..." तिनं स्वतःच्या पट्टीकडे पाहिलं. "माहा पाय त्यायच्या खांद्यावर होता, भाऊ. मी पलीकडं पडली. वळून हात देल्ला. मंग हात नाही सापडला."

कोणीतरी स्ट्रेचर घेऊन गेलं. दोघंही पाय आवरून उभे राहिले. ते गेल्यावर देवमननं विचारलं,

"तुमी काही खाल्लं काय?"

त्याच्या तोंडून ते का निघालं, त्यालाच कळलं नाही. प्रणालीनं मान हलवली, नाही म्हणून, आणि मग ती पहिल्यांदा रडली.

*

दोन महिने देवमननं एकही काम घेतलं नाही. जाळ्या गोदामात पडून होत्या. त्याची आई, आशाबाई, रोज ताट वाढून समोर ठेवायची आणि रोज तेच म्हणायची.

"खाय बापा. तू उपाशी राह्यला म्हनून ते काई परत येत नाही."

"माय, तू चूप राह्य न."

"चूप राह्यलं असतं तर तुहे बाबा गेल्यावर तूबी उपाशी मेला असता."

संक्रांतीनंतर मोर्शीहून शेषरावांचा निरोप आला. संत्र्यांचा हंगाम होता, बाजाराच्या मैदानात त्यांनी संध्याकाळचा गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. आशाबाईनंच फोन उचलला आणि हो सांगून टाकलं.

दुपारच्या उन्हात देवमन जाळ्यांना जाळ्या जोडत होता. हवेला संत्र्याच्या सालीचा वास होता. मागं कोणीतरी जाळी हलवल्याचा खडखड आवाज आला. वळून पाहिलं तर प्रणाली, स्टेजची फुलं टेम्पोत घालून आलेली. दोन्ही हातांनी जाळी धरून हलवत होती.

"हे हालते."

"नाही हालत."

"हालते म्हटलं ना!"

देवमननं पाना काढला, बोल्ट आवळला, बाजूला झाला. "आता?"

तिनं अंगाचा सगळा भार टाकून पाहिला. तिचा पदर खांद्यावरून घसरला, तो तिनं सावरला, पुन्हा रेटलं. जाळी जागची हलली नाही.

"आता नाही हालत," ती म्हणाली. आवाज जरासा हिरमुसलाच.

"नापास करायचा इचार होता वाटते?"

"हो. तुमचं तोंड पाहून वाटलं, या मानसाले कोनी नापास केलं नसंन."

"घरी चाला माह्या. माय रोज करते."

ती हसली नाही, पण हसणार होती. मग पुढच्या जाळीकडे गेली, तीही हलवली. मग त्याच्या पुढची. देवमन पाना घेऊन तिच्या मागं मागं. सगळं मैदान तिनं असं फिरून पाहिलं, लग्नात व्याही जेवणाच्या पंगती पाहतात तसं.

"अन् तुमी बसान कुठं?" त्यानं विचारलं.

"टेम्पोत. आत नाही बसत आता. जाळीच्या आत गेलं की श्वासच अडते."

तेवढ्यात शेषराव आले. मोठं पोट, मोठा आवाज, मनानं वाईट नाहीत.

"देवमन, ते बायकांच्या बाजूचं फाटक बांधून टाक लेका. बिनपासचे पोट्टे घुसतात."

"बांधनार नाही."

"अरे मंग मानूस उभा कर."

"मानूस गर्दीत तिथंच अडकते, काका. अन् तोच फाटक अडवते."

"मंग काय आरती करू काय त्याह्यची?"

प्रणाली टेम्पोकडे गेली. झेंडूची एक मोठी टोपली आणली, फाटकात ठेवली. मग शेवंतीची. मग गुलाबाची. फाटकाच्या रुंदीत टोपल्या मांडल्या आणि त्यांच्या मागं पोतं टाकून बसली, सुईदोरा घेऊन.

"देवाची फुलं हायेत, काका. ओलांडून कोन येते ते पाहू."

शेषराव तिच्याकडे पाहत राहिले. "अन् पळायची येळ आली तं?"

"मंग तुडवा. त्या टायमाले देवबी काही म्हनत नाही."

संध्याकाळी गाणं रंगलं तशी चार-पाच पोरं फाटकापाशी आली. पुढच्यानं पाय उचलला आणि तसाच मागं घेतला. "फुलाले पाय लागंन बे," तो सोबत्यांना म्हणाला, हात कपाळाला लावला आणि गेला. ज्या बाईला बाहेर जायचं असेल तिच्यासाठी प्रणाली एक टोपली उचलायची, बाई गेली की पुन्हा ठेवायची. बसली होती ती अर्धी आत, अर्धी बाहेर. श्वास अडला नाही. शेवटच्या गाण्याला तिचा पाय ठेका धरत होता. देवमननं ते पाहिलं... आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

*

मग तसंच होत गेलं. धामणगाव, अंजनगाव, अमरावतीतले दोन-तीन कार्यक्रम. त्याच्या जाळ्या आणि तिच्या टोपल्या. कार्यक्रमवाले आता देवमनला विचारू लागले, "ते फुलवाली येते ना?" अंजनगाव तर प्रणालीचंच गाव. तिचे वडील मळ्यात शेवंती लावायचे. तिनं त्याला मळा दाखवला. चालता चालता एक फूल खुडून हुंगलं आणि विचार न करता त्याच्या नाकाशी धरलं.

"वास येते काय?"

"नाही."

"सर्दी हाये काय?"

"लोखंडाचा वास बसला नाकात. वीस वर्सं."

"मंग रोज हुंगत जा," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून भरभर पुढं चालू लागली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्याला मागून दिसल्या.

ती दीपमालाबद्दल विचारायची. पहिल्यांदा विचारलं तेव्हा देवमनला राग आला होता. पण दुसरं कोणी विचारतच नव्हतं. सगळे नाव टाळायचे.

"त्या हसत कशा होत्या?"

"जोरात. शेजारचे दार लावून घेत."

प्रणाली हसली. देवमनही हसला. मग दोघांनीही एकदम हसू आवरलं, चोरी पकडल्यासारखं.

केव्हातरी तिनं "भाऊ" म्हणणं सोडलं. आता ती नुसतं "अहो" म्हणायची, किंवा काहीच म्हणायची नाही, फक्त जाळी खडखड वाजवायची. आणि तो मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात असला तरी वळायचा.

मार्चमध्ये धामणगावला अवकाळी आला. दुपारीच आभाळ भरलं, वारा सुटला, कनाती फडफडल्या. कार्यक्रम रद्द झाला. जाळ्या भराव्यात की फुलं झाकावीत या गडबडीत दोघंही भिजले आणि शेवटी टेम्पोच्या ताडपत्रीखाली शिरले. जागा थोडी, टोपल्या फार. ओल्या झेंडूचा उग्र वास. ताडपत्रीवर गारा ताडताड पडत होत्या.

तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. तिनं काढला नाही. त्यानंही नाही. तिच्या केसांतून एक थेंब त्याच्या मनगटावर पडला, तो त्यानं पुसला नाही.

"थंडी वाजून राहिली काय?" त्यानं विचारलं.

"नाही."

"कापून राहिली तू."

तू म्हटलेलं दोघांच्याही ध्यानात आलं. तिनं मान खाली घातली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "माह्या तळपायाले अजून त्यायचा खांदा लागते. चप्पल घालतानी. पायरी चढतानी. मी तुमच्या घराची पायरी चढीन तं... काय लागंन मले?"

गारा थांबल्या, पाऊस राहिला. देवमननं तिच्या पायावर पडलेला फुलांचा चिखल आपल्या रुमालानं पुसला. दोन्ही पायांवरचा. प्रणालीनं डोळे मिटून घेतले.

*

गोष्ट लपून राहत नाही. आशाबाईला तर कोणी सांगायचीही गरज पडली नाही.

"घरात आन तिले," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "दारावून फुलं देऊन जाते अन् माह्याकडं सासूकडं पाहावं तसं पाह्यते. मले बी मंग ते सुनेसारखी वाटते न."

"माय, वरीस नाही झालं अजून."

"मी काय उद्या लगन लाव म्हटलं? आन म्हटलं. चहा पाजीन."

पण अकोल्यालाही ते कळलं. मे महिन्यात एका दुपारी रोहित अमरावतीला गोदामात आला. वाळला होता, दाढी वाढली होती. दीपमालाचाच चेहरा, तेच रुंद कपाळ. देवमन त्याला पाहून उठला. मागं प्रणाली टोपल्यांना दोर बांधत बसली होती, ती उठली नाही.

"खरं हाये काय, भाऊजी?"

"बस तू. पानी घे."

"खरं हाये काय ते सांगा."

"हो."

रोहितनं प्रणालीकडे बोट केलं.

"माह्या बहिनीच्या खांद्यावर पाय देऊन वर चढली हे. अन् आता तिच्याच घरात चढून राहिली."

देवमनचा हात उठला होता, तो मधेच थांबला. कारण रोहितच्या डोळ्यांत राग नव्हता. त्या डोळ्यांत काय आहे हे देवमनला माहीत होतं. पास रोहितनंच आणले होते. ताई घरीच राहते म्हणाली, तेव्हा जा न ताई, मोठा गायक आहे, असं त्यानंच म्हटलं होतं. गेल्या भाऊबीजेपासून तो कोणाशी धड बोलला नव्हता आणि पासांचा विषय त्याच्यासमोर काढायची कोणाची छाती नव्हती. देवमनचीही नव्हती.

रोहित पाणी न पिता गेला. प्रणालीनं हातातल्या टोपलीची गाठ पुरी केली.

"खोटं नाही बोलले ते," ती म्हणाली आणि निघाली.

"प्रणाली."

ती वळली नाही. त्यानंतर कार्यक्रमांना टोपल्या यायच्या, पण तिचा चुलतभाऊ घेऊन यायचा. देवमन जाळ्या लावायचा, आणि लावून झाल्या की प्रत्येक जाळी स्वतःच हलवून पाहायचा. खडखड आवाज झाला की वाटायचं, मागं कोणी आहे. नसायचं.

पावसाळा गेला. दिवाळी आली.

भाऊबीजेच्या पहाटे अमरावतीचं तेच मैदान. उजाडायला लागलं होतं, लोक उटण्याचा वास घेऊन येत होते, नव्या साड्या सळसळत होत्या. देवमननं काम दुसऱ्या कोणाला दिलं नव्हतं. बायकांच्या बाजूचं फाटक उघडं होतं, आणि त्याच्यापाशी तो स्वतः उभा होता, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

डोक्यावर टोपली घेऊन ती गर्दीतून सरळ आली. टोपली उतरवली. फाटकात ठेवली.

"मानूस उभा केला की फाटक अडते म्हनत होते न तुमी?"

"हो."

"मंग सरका न बाजूले."

तो सरकला. ती टोपल्या मांडून बसली. तोही तिच्याशेजारी बसला, पोत्यावर. स्टेजवर तानपुरा लागला.

"मी आज घरी नाही राहू शकली," ती म्हणाली. "काल रातच्यानं पाय दुखून राहिला."

"प्रणाली, मी एक बोलतो. मधात बोलू नोको." "दीपमाला वाकली, कारण ते तशीच होती. तू नसती तं दुसऱ्या कोनाले उचललं असतं. तिनं ते मले इचारून नाही केलं, अन् तूबी मले इचारून जगली नाहीस. मले तिची याद रोज येते. येतच राहीन. अन् तू नाही आली तं... मी जाळ्या हालवत बसतो, येड्यासारखा. दोन्ही खरं हाये. मले यातलं एक खोटं करता येत नाही."

तिचे डोळे भरले होते, पण तिनं पुसले नाहीत. हातातल्या सुईत फूल अर्धं ओवलेलं राहिलं होतं.

"झालं बोलून?"

"हो."

"मंग आयका. माहं हो हाये. मोर्शीपासूनच हाये. पन मी चोरून नाही येनार. रोहितभाऊले तुमी सांगा. तोंडावर. जे मनात हाये ते सगळं बोला त्यायच्याशी, आत्ता मले बोलले ते बी, अन् पासाचं बी. ते आतल्या आत मरून राहिले. त्यायनं काईबी बोललं तं मी पायरी चढीन."

"तो नाहीच म्हनन."

"म्हनू द्या नाही. मंग त्यायचं ‘नाही’ आयकून येईन. पन न सांगता नाही."

तिनं आपला हात पोत्यावर ठेवला, तळवा वर करून. त्यानं त्यात आपला हात ठेवला. तिची बोटं थंडगार होती, सुईनं टोचलेली. गर्दी मागून वाढत होती, फाटक मोकळं होतं, आणि कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं.

त्या दिवशी दुपारीच देवमन अकोल्याला गेला. रोहितच्या गल्लीत शिरला. रोहित दारात बसला होता, स्वच्छ धुतलेला सदरा घालून, कपाळ कोरडं. त्याला ओवाळायला कोणी नव्हतं. देवमन कोपऱ्यावर उभा राहून त्याला पाहत राहिला. चार पावलं पुढं गेला. पासांचं बोलायचं म्हणजे या माणसाला आज, याच दिवशी, पुन्हा त्या मैदानात नेऊन उभं करायचं, आणि न बोलायचं म्हणजे त्याला तिथंच सोडून द्यायचं, हे त्याला कळत होतं. तो परत फिरला.

डिसेंबरात तो आणखी एकदा गेला आणि अर्ध्या वाटेवरच्या मूर्तिजापुरातूनच मागं आला. आशाबाई चहाचा विषय काढत नाही. प्रणाली कार्यक्रमांना येते, जाळ्या हलवून पाहते, टोपल्या मांडते, जाताना त्याच्या हाताला हात लावते. विचारत नाही.

रोहितशी बोलायचं अजून राहिलं आहे.